दिल्ली ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

नमस्कार श्रोतेहो! आज दिल्ली ते टोकियो विमानप्रवास. सरळ हवाई अंतर साधारण 5,900 किलोमीटर, पण जाताना लागतात पावणेआठ तास आणि येताना साडेनऊ. परत सांगतो, जाताना पावणेआठ, येताना साडेनऊ, थोडं इकडंतिकडं धरून चाला.

आता यावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. टोकियोहून परत येताना माझ्या शेजारी एक काका-काकू होते, काका रेल्वेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात छोटी डायरी आणि त्यात प्रत्येक प्रवासाची सुटण्याची नि पोचण्याची वेळ निळ्या पेनानं लिहिलेली. दिल्लीहून रात्री 8ला सुटलो, टोकियोला सकाळी सव्वासातला पोचलो, म्हणजे सव्वाअकरा तास. परतीच्या तिकिटावर सुटणार 11:30, पोचणार संध्याकाळी 5:30, म्हणजे फक्त सहा. काका मला म्हणाले, "बघा, जाताना यांनी गाडी कुठंतरी साइडिंगला टाकली होती, आणि हे कोणी कबूल करणार नाही!" एअर होस्टेसला बोलावून हिशोब दाखवायचंही त्यांचं ठरलं होतं.

तेवढ्यात काकूंनी मनगट पुढं केलं. बीपीच्या गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून त्यांनी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं, जपानात एकदाही काटे हलवले नव्हते. "अहो, तिकडं उतरलो तेव्हा यात पावणेचार वाजले होते, आणि आज निघालो तेव्हा आठ. आता करा वजाबाकी." काकांनी बोटांवर मोजलं, डायरीतलं सव्वाअकरा खोडलं आणि थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे येतानाच जास्त? ते का म्हणे?" काकू तोवर झोपल्या होत्या.

तर ते का? जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, हा झाला घड्याळाचा खेळ. खरा फरक पाडतो जेट स्ट्रीम, म्हणजे नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा जोरदार वारा. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. हिवाळ्यात जपानवर तो फार जोरात असतो, त्यामुळं तेव्हा फरक जास्त जाणवतो. हा वारा ओइशी वासाबुरो या जपानी शास्त्रज्ञानं 1920च्या दशकात फुगे सोडून मोजला होता, पण रिपोर्ट छापला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत, मग बाहेर वाचणार कोण!

आणि विमान अगदी सरळ रेषेतही जात नाही. केबिनमधला दाब गेला तर मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो, तेवढ्यात विमान 10,000 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण तीन हजार मीटरपर्यंत, खाली आणावं लागतं, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, खाली येणार कुठं? म्हणून बहुतेक फ्लाइट तिबेटला वळसा घालतात.

तेव्हा बुकिंग करताना तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका, दोन्ही त्या त्या देशाच्या वेळा असतात, प्रवासाचे तास वेगळे लिहिलेले असतात ते बघा. एअरपोर्टवर घ्यायला येणाऱ्याला मात्र पोचण्याची तिकिटावरचीच वेळ सांगा. नमस्कार!