घरी हाक काय मारतात?

विसर्जनाची दुपार, बेलबाग चौक. ढोल जरा थांबतात तेवढ्यात लाउडस्पीकर बोलून घेतो : निळा शर्ट, वय अंदाजे चार, रडतोय, आईनं मदत केंद्रावर यावं. बहुतेकदा आई धापा टाकत येतेच. आधी एक धपाटा, मग मिठी.

पण हा आवाज अलका चौकापर्यंतही पोचत नाही. पुणे स्टेशनवर एकटंच उतरलेलं पोर सोलापूरचं असेल, गुलबर्ग्याचं असेल, नाहीतर पार बिहारचं.

त्याची नोंद दोन ठिकाणी व्हावी लागते. गावाकडच्या पोलीस ठाण्यात ‘हरवलं’ म्हणून, इथल्या बालगृहात ‘सापडलं’ म्हणून. केंद्र सरकारचं ‘ट्रॅक चाइल्ड’ पोर्टल निघालं ते या दोन नोंदींची गाठ घालायला. जून 2015 मध्ये ‘खोया-पाया’ आलं. रस्त्यात दिसलेल्या मुलाची माहिती कुणालाही टाकता येऊ लागली. आता हे सगळं मिशन वात्सल्य पोर्टलवर आहे.

पूर्वी ठाण्यात ‘मिसिंग’ लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, येईल परत. 10 मे 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवलं : मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा दाखल करायचा. चार महिन्यांत शोध लागला नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे.

गाठ अडते ती साध्या गोष्टींवर. तिकडे नोंद आदित्यची, इकडे पोरगा सांगतो बंटी. आई वय सांगते सात, इथं अंदाजानं लिहिलं जातं नऊ. तिकडचा फोटो लग्नातला, पावडर थापलेला. इथला केस कापल्यानंतरचा.

कधी आधार कामी येतं. बालगृहातून मुलाला आधार काढायला नेतात आणि अर्ज फेटाळला जातो, कारण बोटांचे ठसे आधीच कुठेतरी नोंदलेले असतात. एरवी सरकारी नकारानं माणूस वैतागतो. इथं त्या नकारातून घरचा पत्ता निघतो. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतच नाहीत.

मग उरतं बोलणं. घरी हाक काय मारतात? शाळेला रंग कुठला? घराजवळून रेल्वे जाते का? उत्तरं येत नाहीत. आणि एखाद्या रात्री ताटातल्या भाकरीला हात लावून पोरगं म्हणतं, ‘‘आमच्याकडं कडक असती.’’

दुसऱ्या दिवशी पहिला फोन सोलापूरला जातो.