आमच्यासाठी विनंती कर

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आमच्या घरात संत अंतोनला शिक्षा व्हायची. मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दोन खोल्यांची जागा. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीला एक लाकडी फळी, तिला आम्ही वेदी म्हणायचो. मध्ये क्रूस, एका बाजूला मरियामाता, दुसऱ्या बाजूला वीतभर उंचीचा, तपकिरी झग्यातला अंतोन. त्याच्या कडेवर बाळ येशू, आणि त्या बाळाचा एक पंजा माझ्या जन्माआधीच तुटलेला. घरात काही हरवलं की आई अंतोनपुढे मेणबत्ती लावायची. दोन दिवसांत वस्तू सापडली नाही, तर त्याला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. "बस आता तिकडे बघत." एकदा तिची सोन्याची कुडी हरवली तेव्हा अंतोन आठ दिवस भिंतीकडे बघत होता. कुडी शेवटी तूरडाळीच्या डब्यात निघाली. आईनं आधी त्याला सरळ केलं, पदरानं झग्यावरची धूळ पुसली आणि मग कुडी कानात घातली.

तुम्ही हसताय, हसा. पण शेजारच्या काकू हसल्या नव्हत्या. त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "पाण्यात नाही का घालत?" देव पाण्यात घालून बसणारी माणसं आपण, त्यांना यात नवल काय वाटणार! आणि गंमत म्हणजे पोर्तुगाल-ब्राझीलकडच्या मुली लग्न जमेना की याच अंतोनला उलटा टांगतात, पाण्यातही बुडवतात. चर्चला हे प्रकार अजिबात मान्य नाहीत. आईला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, "फादरांना कुठे कुडी शोधायचीय?"

मंडळी, आज इथे यायला निघाले तेव्हा सोसायटीतल्या एका गृहस्थांनी विषय विचारला. मी म्हटलं, कॅथलिकांचे आश्रयदाते संत आणि त्यांची मध्यस्थी. ते म्हणाले, "म्हणजे वशिला!" मिरजेहून सांगली किती लांब? तेवढ्या वाटेत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण तो अगदीच चूक नाही. 'पेट्रन' हा शब्द रोमन समाजातल्या 'पात्रोनुस'वरून आला. पात्रोनुस म्हणजे वजनदार माणूस. सकाळी त्याच्या वाड्यावर आश्रितांनी हजेरी लावायची, त्यानं त्यांचे खटले, अडचणी, शिफारशी बघायच्या. ख्रिस्ती धर्म त्या समाजात वाढला आणि भाषा तिथलीच उचलली. आपल्याकडेही साहेबाला भेटायचं तर आधी शिपायाला, मग हेडक्लार्कला. स्वर्गाचं ऑफिस असंच चालत असेल, तर मग वशिलाच.

मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हेच आज सांगायचंय.

आधी हा अंतोन कोण ते बघू. जन्म ११९५चा, पोर्तुगालमधल्या लिस्बनचा. फ्रान्सिस्कन संन्यासी झाला, इटलीत प्रवचनकार म्हणून गाजला, १३ जून १२३१ रोजी पादुआजवळ वारला. वय जेमतेम छत्तीस. हरवलेल्या वस्तूंशी त्याचा संबंध कसा आला? त्याच्याजवळ स्तोत्रांची एक पोथी होती, समासात त्यानं स्वतःच्या हातानं टिपणं केलेली. छापखाना यायला अजून दोन शतकं होती. एक नवशिका संन्यासी मठ सोडून पळाला, जाताना ती पोथी घेऊन गेला. अंतोननं प्रार्थना केली आणि पोरगा पोथीसकट परत आला. म्हणजे कथेत आधी हरवलं होतं ते माणूस. वस्तूचा भाग लोकांनी पुढे मोठा केला. चाव्या, चष्मे, रेशनकार्ड हे सगळं त्या बिचाऱ्याच्या गळ्यात नंतर पडलं.

आपल्या भाषेशीही त्याचं नातं जुनं आहे. १६५५ साली गोव्यात अंतोनिओ द साल्दान्य या जेझुइट धर्मगुरूनं अंतोनचं चरित्र लिहून छापलं. गद्य कोकणीत आणि पद्य मराठीत. शिवाजी महाराज तेव्हा पंचविशीत होते. तेव्हा 'हे तुमचे परदेशी संत' असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगते, की हा माणूस साडेतीनशेहून अधिक वर्षं मराठीत राहतोय.

बाकीच्या संतांची खाती कशी ठरली त्यात तर्क शोधू नका, किंवा शोधलात तर तो जरा काळपट विनोदासारखा लागेल. तिसऱ्या शतकात रोममध्ये लॉरेन्सला जाळीवर भाजून मारलं अशी परंपरा, म्हणून तो आचाऱ्यांचा. आपोलोनियाचे अलेक्झांड्रियात दात पाडले, ती दातदुखीवाल्यांची. ल्यूसीच्या नावात लॅटिन 'प्रकाश', म्हणून डोळे तिच्याकडे. क्लेअर आजारी असताना तिला खोलीच्या भिंतीवर दूरच्या चर्चमधला मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, दिसला म्हणतात, तर १९५८ साली पोप बाराव्या पायसनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदात्री केलं. तेराव्या शतकातली बाई, हातात रिमोट! आणि ज्यूड थादेउस हताश माणसांचा. लोक सांगतात त्याचं कारण असं, की त्याचं नाव येशूला धरून देणाऱ्या यूदाशी जुळतं. म्हणून त्याच्याकडे कुणी जाईना, म्हणून तो रिकामा, म्हणून आलेल्याचं काम मनापासून करतो. ही कथा मला फार आवडते. कचेरीत ज्या टेबलापुढे रांग नाही तिथला कारकून खरंच जास्त नीट बोलतो.

आता मिरजेत माझी अडचण दुहेरी होती. इथे डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली दवाखाना उघडला तो अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. त्यामुळे आमच्याकडे ख्रिस्ती म्हटलं की बहुतेक प्रॉटेस्टंट. आम्ही रेल्वेमुळे आलेली मूठभर कॅथलिक घरं, कुणी गोव्याचे, कुणी मंगळूरचे, आई वसईची. हिंदू मैत्रिणी म्हणायच्या, "तुमचेही तेहतीस कोटीच की." प्रॉटेस्टंट मैत्रीण म्हणायची, "तुम्ही मूर्ती पूजता." ती बायबल घेऊन यायची आणि पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन माझ्यापुढे धरायची: देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. मला तेव्हा उत्तर यायचं नाही. खूप वर्षांनी लक्षात आलं की त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौल सांगतो, सगळ्या माणसांसाठी रदबदली करा. आणि तिची आईही परीक्षेच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांना सांगायचीच, "पोरीसाठी प्रार्थना करा बरं का." एकानं दुसऱ्यासाठी देवाजवळ बोलायला त्यांचीही हरकत नव्हती. वाद एवढाच, की गेलेल्या माणसाला ते सांगता येतं का. त्याला ऐकू जातं का.

हा वाद वादानं सुटेल असं मला वाटत नाही. ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला तो मार्टिन लूथरही १५०५ साली वादळात सापडला, शेजारी वीज कोसळली, तेव्हा 'संत आन्ना, वाचव, मी संन्यासी होईन' असंच ओरडला होता. आन्ना खाणकामगारांची आश्रयदात्री आणि त्याचे वडील खाणधंद्यातले. घरातलंच नाव तोंडी आलं. पुढे त्यानंच हे सगळं नाकारलं, ते विचार करून नाकारलं, त्याचा मला आदर आहे. पण विजेच्या क्षणी काय तोंडी येतं तेही मोजायला हवं.

चर्चनं आपल्या परीनं रेघ ओढून ठेवलीय. ७८७ साली निकाया इथल्या दुसऱ्या परिषदेनं सांगितलं की आराधना फक्त देवाची, प्रतिमांना आणि संतांना मान. १५६३ साली त्रेंतच्या परिषदेनं म्हटलं, संतांना हाक मारणं चांगलं आणि उपयोगाचं आहे. सक्तीचं आहे असं म्हटलं नाही, हे आमच्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. आणि प्रार्थनेची भाषा पाहा. देवाला आम्ही म्हणतो, 'आमच्यावर दया कर.' संताला कधीच तसं म्हणत नाही. संतांची लितानी म्हणताना एकेक नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, 'आमच्यासाठी विनंती कर.' अंतोन कुडी देत नाही, अंतोन मागतो. आई भिंतीकडे तोंड करायची ती देणाऱ्याचं नव्हे, मागण्यात आळस करणाऱ्याचं!

शंकराच्या देवळात आपण नंदीच्या कानात सांगतो ना? शिंगणापूरला मी कितीतरी बायकांना पाहिलंय, एक हात त्याच्या दुसऱ्या कानावर ठेवून, म्हणजे इकडून सांगितलेलं तिकडून निसटायला नको. हे आमच्या मध्यस्थीच्या जवळ येतं, पण पुरतं नाही. नंदी नंदीच असतो. तो कधी मिरजेत भाड्यानं राहिलेला नसतो. संत हा माणूस असतो. त्याला ताप आलेला असतो, त्याचं पुस्तक चोरीला गेलेलं असतं.

मला सगळ्यात नेमकं चित्र सापडतं ते योहानाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात. काना गावात लग्न आहे. द्राक्षारस संपतो. मरिया मुलाजवळ जाऊन एवढंच म्हणते, "त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही." बघा, ती काहीच मागत नाही. लग्नघरात बायका असतात तशी ती आहे. आपल्याकडे पंगत बसलेली असते, आणि मांडवात कुणाच्या काही लक्षात यायच्या आत एखादी मावशी भटारखान्यातून पदराला हात पुसत येते आणि मुलीच्या मामाच्या कानाशी म्हणते, "आमटी दुसऱ्या पंगतीला पुरायची नाही." बास. ती हुकूम देत नाही, यजमानाशी संधान बांधत नाही. तिला दिसलेलं असतं, इतकंच. येशू आधी जरा तुटकच उत्तर देतो, तेव्हा मरिया वाद घालत नाही, नोकरांना म्हणते, "तो सांगेल ते करा." वशिल्यात आपण रांग मोडून पुढे जातो, दुसऱ्याचं मागे पडतं. इथे कुणाचंच मागे पडत नाही, सगळ्या पंगतीला मिळतं. म्हणून मला तो शब्द पटत नाही.

अर्थात व्यवहारात नवस असतातच. आई दर सप्टेंबरात जमलं तर वांद्र्याच्या माउंट मेरीला जायची. तिथे रस्त्याकडेला मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते घेऊन वाहायचं. देवीला चांदीचे डोळे वाहतात, दर्ग्यावर चादर चढते, तसंच. मी तरुणपणी याला फार नाकं मुरडायची. आता वाटतं, दुखऱ्या गुडघ्याला शब्द सुचत नसतील तर मेणाचा गुडघा काय वाईट?

आता संत ठरवतं कोण? पहिली हजारेक वर्षं लोकच ठरवायचे, फार तर तिथला बिशप. पोपनी रीतसर जाहीर केल्याची पहिली नोंद ९९३ची, आउग्सबुर्गच्या उलरिखची. पुढे कचेरी झाली, कागद झाले, उमेदवाराच्या विरुद्ध बोलणारा अधिकारी आला, ज्याला लोक 'सैतानाचा वकील' म्हणत. १९८३ साली ते काम कमी झालं. आज रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला, नसेल तर साधारण दोन चमत्कार लागतात, एक धन्यवादित ठरायला, ही संतपदाच्या अलीकडची पायरी, आणि दुसरा संतपदाला. चमत्कार कशासाठी? तर हा माणूस देवाजवळ आहे आणि आपल्यासाठी बोलतोय याचा पुरावा म्हणून. मदर तेरेझांच्या वेळी बंगालमधल्या बाईंच्या बऱ्या होण्यावर तिथल्याच डॉक्टरांनी शंका घेतली होती. ती शंका मला रास्त वाटते. मला तपासणीपेक्षा तिच्या आधीची पायरी महत्त्वाची वाटते. कुणीतरी रोमला न विचारता आधी प्रार्थना केलेली असते. ती केल्याशिवाय चमत्कार यायचा कुठून? म्हणजे सुरुवात अजूनही खालूनच होते.

आणि वेळही सारखा लागत नाही. अंतोनला वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० मे १२३२ला संतपद मिळालं. आईच्या वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला. वडील पोर्तुगीज, आई इथली. भारतात जन्मलेला पहिला संत. त्याला १८६२पर्यंत थांबावं लागलं. दोनशे पासष्ट वर्षं! आई हा हिशेब बोटांवर करून दाखवायची आणि म्हणायची, "आपल्या माणसाच्या फायली अशाच राहतात."

सगळ्यांची फाईल निघत नाही. म्हणून १ नोव्हेंबरचा सण आहे, सर्व संतांचा, ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांचासुद्धा. दुसऱ्या दिवशी, २ तारखेला, मृतांचा दिवस. त्या दिवशी आम्ही कबरस्तानात जाऊन मेणबत्त्या लावतो.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. तापाचं निमित्त झालं. आईनं ज्यूडची नोव्हेना धरली, नऊ दिवसांची. सहाव्या दिवशी तो गेला. उरलेले तीन दिवस आईनं नोव्हेना पुरी केली. आम्हाला वाटलं होतं आता फळीवरचे सगळेच भिंतीकडे तोंड करतील. तिनं कुणालाच हात लावला नाही. बरेच दिवस मेणबत्तीही लावली नाही.

पुढे कधीतरी संध्याकाळची प्रार्थना परत सुरू झाली. वडील लितानी सांगायचे, आम्ही उत्तर द्यायचो. संत पेत्रा, आमच्यासाठी विनंती कर. संत अंतोनी, आमच्यासाठी विनंती कर. एकदा मी आईच्या अगदी शेजारी गुडघ्यावर होते. वडील शेवटच्या नावावर थांबले, आणि त्यांच्या मागून आई ओठांतल्या ओठांत भावाचं घरातलं नाव घेऊन म्हणाली, "आमच्यासाठी विनंती कर."

मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, नियम माहीत असलेली. भांडी लावताना तिला म्हटलं, "आई, तो कुठे संत आहे?"

ती ताट पुसत म्हणाली, "मग पहिली तारीख कुणाची असते गं?"