किडनीच्या पेशंटला शहाळं द्यायचं का?

नमस्कार मंडळी. उन्हाळा लागला की कमेंटमध्ये हाच प्रश्न: ‘बाबांचं क्रिएटिनिन वाढलंय, रोज शहाळं देऊ ना?’ (क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की तो वाढतो.)

साधं पाणी सगळ्यात चांगलं, हे तुम्हाला माहीतच आहे. किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. किडनीच्या प्रत्येक पेशंटला पाण्याचं बंधन नसतं. डायलिसिसवाल्यांचा ढोबळ हिशोब असा: २४ तासांची लघवी अधिक ५०० मिली. त्यात चहा, ताक, आमटी, बर्फ सगळं आलं. सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरा. कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी झाडाला घाला. संध्याकाळी बाटलीत उरलं तेवढंच शिल्लक.

आता शहाळं. १०० मिली पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. मोठ्या शहाळ्यात ३०० मिली पाणी धरा, म्हणजे ७५० झालं. मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास असतं. घरात केळं बंद, आणि शहाळं मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून चालू!

‘पण मुतखड्याला तर शहाळंच सांगतात.’ अहो, मुतखडा वेगळा, किडनी निकामी होणं वेगळं. धडधाकट किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कधी आधी काही जाणवतसुद्धा नाही.

‘अर्धंच देतो’ म्हणणाऱ्यांनी बीपीच्या गोळ्यांची पाकिटं बघा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनीही पोटॅशियम वाढतं. म्हणून पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अर्धंही नको. हेच संत्र्या-मोसंबीच्या रसाला आणि पालकाच्या हिरव्या ज्यूसला लागू. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. जुलाब लागले तर फोन करून विचारा. आणि कमरख (स्टारफ्रूट) कुठल्याच रूपात नको, किडनीच्या पेशंटला ते थेट मेंदूवर बाधतं.

मग काय द्यायचं? अर्ध्या लिंबाचं सरबत, साखर बेताची, मीठ नाही. सैंधवही मीठच, त्यावर कमेंटमध्ये वाद नको. ‘लो सोडियम’ मीठ तर अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ताक पातळ, बिनमिठाचं, अर्धी वाटी. चहा चालतो, दूध बेताचं घाला.

काळा कोला मात्र नको. त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात ३३८ शोधा. ते फॉस्फोरिक अ‍ॅसिड, म्हणजे फॉस्फरस. आजारी किडनीला तेही नीट बाहेर टाकता येत नाही. असं वरून घातलेलं फॉस्फरस डाळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त अंगात शोषलं जातं. ‘झीरो शुगर’ लिहिलं म्हणून ते जात नाही.

शेवटचं, मधुमेहवाल्यांसाठी. शुगर एकदम उतरली की बरेच जण संत्र्याचा रस पाजतात. त्याऐवजी अर्धा कप पाण्यात तीन चमचे साधी ग्लुकोज पावडर द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा.