दोन पंचमांश कुठून आले?

नमस्कार श्रोतेहो.

एका छात्राध्यापिकेचा सराव पाठ चालू होता. मी मागच्या बाकावर निरीक्षणाची वही उघडून बसले होते. मुलगी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, पाठ टाचण नीटनेटकं, फळ्यावरचं अक्षर सुरेख. तिने विचारलं, अर्धा अधिक एक तृतीयांश किती? एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, दोन पंचमांश. "चूक. आधी छेद समान करायचे, सांगितलं होतं ना?" एवढं बोलून ती फळ्याकडे वळली आणि लसावि काढू लागली. मुलगा खाली बसला, आणि तास संपेपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही.

पाठ झाल्यावर मी तिला एकच विचारलं: दोन पंचमांश कुठून आले? ती म्हणाली, त्याने अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ते खरंच होतं. पण त्याला ते बरोबर का वाटलं असेल? यावर ती बराच वेळ गप्प राहिली.

श्रोतेहो, त्या मुलाच्या उत्तरामागे विचार असू शकतो. समजा, एका खेळाडूने पहिल्यांदा दोन नेम मारले, त्यातला एक लागला. नंतर तीन मारले, त्यातलाही एकच लागला. एकूण पाचांपैकी दोन लागले. हा हिशोब अगदी खरा आहे. फक्त ही अपूर्णांकांची बेरीज नाही, कारण इथे 'पूर्ण' म्हणजे काय तेच प्रत्येक वेळी बदलतंय. आधी पूर्ण म्हणजे दोन नेम, मग तीन, शेवटी पाच. बेरीज करताना मात्र दोन्ही भाग एकाच पूर्णाचे असावे लागतात. छेद समान करण्याचं कारण हेच. ते कारण सांगायची याहून चांगली संधी कुठली मिळणार होती?

आज मला याच कामाबद्दल बोलायचंय. विद्यापीठात गणित शिकलेल्या तरुणांना माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यासाठी तयार करायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

ज्याला गणित येतं त्याला ते शिकवताही येतं, असा समज फार जुना आहे. त्याला धक्का देणाराही आजचा नाही. फेलिक्स क्लाइन हे जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातले मोठे गणिती. भावी शिक्षकांसाठी त्यांनी दिलेली व्याख्यानं 1908 साली प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी म्हटलं होतं की शिक्षकाच्या आयुष्यात धागा दोनदा तुटतो. विद्यापीठात आल्यावर समोर येणाऱ्या गणिताचा शाळेतल्या गणिताशी काही संबंध दिसत नाही, तेव्हा पहिल्यांदा. पुढे शिक्षक म्हणून तो शाळेत परत जातो, विद्यापीठातलं सगळं मागे पडतं आणि जुन्या चाकोरीतलं शिकवणं सुरू होतं, तेव्हा दुसऱ्यांदा.

हा दुसरा धागा तुटताना मी वर्षानुवर्षं पाहतेय. एक साधं समीकरण घ्या: एक्स अधिक पाच बरोबर बारा. पदवीच्या वर्गात माझे विद्यार्थी ग्रुप थिअरी, म्हणजे बेरजेसारख्या क्रियांचे मूळ नियम तपासणारं गणित, शिकलेले असतात. ऋण पाच ही पाचची विरुद्ध संख्या, ती दोन्ही बाजूंना मिळवायची. मग साहचर्याचा नियम लावायचा, पाच आणि ऋण पाच मिळून शून्य होतात, आणि शून्य मिळवल्याने संख्या बदलत नाही, म्हणून एक्स एकटा उरतो. समीकरण सुटण्यामागचं सगळं कारण त्यांच्या वहीत आहे. आणि शाळेच्या फळ्यासमोर उभे राहिले की हेच विद्यार्थी म्हणतात, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं." का बदलतं? त्यांच्या शिक्षकांनी तसंच सांगितलं होतं म्हणून. दोन वह्या एकमेकींशी कधी बोलल्याच नाहीत.

त्या वह्यांची गाठ घालून देणं हे आमचं, म्हणजे शिक्षकांना शिकवणाऱ्यांचं, काम आहे. आणि ते पदवीच्याच वर्षांत व्हायला हवं. नंतर सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे छोट्याशा सराव पाठाच्या, दहा मिनिटांत ते होत नाही.

शाळेत मूल एक्सचा वर्ग बरोबर एक्स हे समीकरण सोडवतं, दोन्हीकडचा एक्स काटतं आणि एक्स बरोबर एक असं उत्तर देतं. शून्य हे दुसरं उत्तर हरवलं. आता हेच समीकरण मी पदवीच्या वर्गात सहा तासांच्या घड्याळावर सोडवायला देते. म्हणजे संख्या शून्यापासून पाचपर्यंतच, आणि सहा झाले की पुन्हा शून्य. तिथे तीनचा वर्ग नऊ, म्हणजे तीनच. चारचा वर्ग सोळा, म्हणजे चारच. शून्य आणि एक तर आहेतच. एका वर्गसमीकरणाला चार उत्तरं! कारण या घड्याळावर दोन गुणिले तीन शून्य होतं, दोघांपैकी कोणीही शून्य नसताना. आपल्या नेहमीच्या संख्यांत असं होत नाही, या एकाच आधारावर शाळेतली अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवण्याची रीत उभी आहे. हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः पाहिलं, तो पुढे "एक्स काटू नका" असा नुसता हुकूम सोडणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती प्राथमिक शिक्षकांची आहे, पण आपल्या कामाची आहे. 1999 साली लीपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतले 23 आणि चीनमधले 72 शिक्षक यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रश्न होता, पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. चीनमधल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं, साडेतीन. आणि बहुतेकांना उदाहरणही रचता आलं. अमेरिकेतल्या निम्म्या शिक्षकांनाही पूर्ण उत्तरापर्यंत पोचता आलं नाही आणि चालेल असं उदाहरण 23 पैकी एकानेच दिलं. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटण्याची गोष्ट रचली. तुम्हीही करून पाहा. पावणेदोन मीटर दोरीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे किती होतील, हे साडेतीनचं उदाहरण झालं. विशेष म्हणजे औपचारिक शिक्षणाची वर्षं मोजली तर चीनमधले ते शिक्षक कमी शिकलेले होते. शाळेचं गणित ते सहकाऱ्यांबरोबर बसून, वर्षानुवर्षं उलटसुलट तपासत राहिले होते.

म्हणून मी विद्यार्थ्यांकडून टाचणात एक रकाना जास्तीचा लिहून घेते: या प्रश्नाला मुलं कोणकोणती चुकीची उत्तरं देतील आणि प्रत्येकामागे काय विचार असेल? सुरुवातीला तो कोरा येतो. किंवा "निष्काळजीपणा" असा एकच शब्द येतो. मी तो शब्द खोडते. शून्य पूर्णांक पस्तीस शतांश हे शून्य पूर्णांक चार दशांशापेक्षा मोठे, असं म्हणणारं मूल निष्काळजी नसतं. पस्तीस चारपेक्षा मोठे, हा त्याचा इतके दिवस खरा ठरलेला नियम ते इथे लावत असतं.

आणि थांबायला शिकवावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? मी आता थांबते.

(तीन सेकंद शांतता)

तुम्हाला वाटलं असेल, रेडिओ बंद पडला. नव्या शिक्षकाला वर्गात ती शांतता अशीच असह्य होते, आणि तो स्वतःच उत्तर सांगून टाकतो.

जपानमध्ये शिक्षक एकत्र येऊन एकाच पाठाची तयारी करतात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहत बसतात, त्यांच्या वह्यांत काय उमटतंय ते टिपतात. नंतर चर्चा पाठाची होते. फळाही शक्यतो पुसत नाहीत, म्हणजे पहिल्या चुकीच्या उत्तरापासून शेवटापर्यंतचा सगळा प्रवास तासाच्या अखेरीस समोर असतो. आमच्याकडे निरीक्षक मात्र आवाज, हावभाव आणि फलकलेखनाला गुण देऊन निघून जातो. मीही कितीतरी वर्षं तसेच गुण दिले आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

त्या छात्राध्यापिकेने तोच पाठ नव्याने लिहून आणला. समोर बसून तिने तो मला वाचून दाखवला. दोन पंचमांश हे उत्तर आता तिने फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायचं ठरवलंय, न पुसता. त्याच्याखाली तिचा पहिला प्रश्न आहे: अर्धा आणि दोन पंचमांश, यांत मोठं कोण? आणि अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं, हे कसं? त्यापुढे कंसात तिने स्वतःसाठी लिहिलंय, "इथे थांबायचं."

सोमवारी दुसऱ्या तासाला ती त्याच वर्गावर जाणार आहे. या वेळी मी त्या मुलाच्या शेजारच्या बाकावर बसेन.

नमस्कार.