पाच छेद सातला किती गुण?

(दृश्य : टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, लाल पेन. बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट.)

इयत्ता सातवी. गणिताची घटक चाचणी, २० गुणांची. घटक : परिमेय संख्या. तिसरा प्रश्न तीन गुणांचा आहे. दोन छेद तीन अधिक तीन छेद चार.

शाळा जिल्हा परिषदेची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. गणित शिकवणाऱ्या बाई पेपर तपासायला बसल्यात. आपणही शेजारी खुर्ची ओढून बसू आणि ह्या एकाच प्रश्नाची चार उत्तरं बघू.

पहिला पेपर. तीन आणि चारचा लसावि बारा. आठ छेद बारा अधिक नऊ छेद बारा, बरोबर सतरा छेद बारा. तीनपैकी तीन. बाईंचा पेन थांबतही नाही.

दुसरा पेपर. 'उत्तर : सतरा छेद बारा.' बस्स, एवढंच. रीत नाही, उजवीकडच्या समासात कच्चं काम नाही. पोराने तोंडी केलं, की शेजारच्या बाकावरून आलं?

तिसरा पेपर. लसावि बरोबर, छेद समान केलेत, आठ आणि नऊही बरोबर. आणि मग आठ अधिक नऊ, सोळा! पुढे सोळा छेद बाराचं संक्षिप्त रूप अगदी नियमाने : चार छेद तीन. रीत शंभर टक्के बरोबर, उत्तर चूक.

चौथा पेपर. दोन अधिक तीन पाच. तीन अधिक चार सात. पाच छेद सात. अक्षर मोत्यासारखं, उत्तराभोवती पट्टीने आखलेली चौकट.

कुणाला किती गुण द्याल? व्हिडिओ थांबवा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

(दृश्य : शाळेचं ऑफिस. चहाचे कप. पेपर हातोहात फिरतायत.)

हेच चार पेपर ऑफिसात बाकीच्या शिक्षकांपुढे ठेवले. पहिल्यावर वाद नाही. दुसऱ्याला एका सरांनी तीन दिले : उत्तर बरोबर आहे ना, मग विषय संपला. दुसऱ्या बाईंनी एकच दिला. तिसऱ्याला कुणी दोन, कुणी अडीच, आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या एका सरांनी शून्य. 'दुकानदार असा हिशेब चुकला तर गिऱ्हाईक त्याला रीतीचे पैसे देतं का?' त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण सातवीतलं पोर अजून दुकानात बसलेलं नाही, शिकतंय, हेही खरं.

म्हणजे एकाच शाळेत, एकाच दिवशी, एकाच उत्तराला शून्यापासून अडीचपर्यंत काहीही मिळू शकतं. ज्याला ते मिळतं त्या पोराला ह्यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त वर्तुळातला लाल आकडा दिसतो.

आता चौथा पेपर. ह्याला सगळ्यांनीच गोळा दिला. नियमाने तो योग्यही आहे. पण बाईंनी त्या मुलीला बोलावून घेतलं आणि विचारलं, 'हे कसं केलंस गं?' गुण देण्याआधी एवढं विचारणारी माणसं कमीच भेटतात.

मुलगी आधी गप्प. मग हळूच म्हणाली, 'बाई, तुम्ही पेपरावर करता ना, तसंच.'

(दृश्य : त्याच मुलीच्या जुन्या चाचणीचं पहिलं पान. कॅमेरा आकड्यांवर.)

बघा. पहिल्या प्रश्नाला तीनपैकी दोन, बाईंनी लिहिलंय दोन छेद तीन. दुसऱ्याला चारपैकी तीन, म्हणजे तीन छेद चार. आणि खाली बेरीज : पाच छेद सात. वरचे वर मिळवले, खालचे खाली. पहिलीपासून प्रत्येक पेपरावर मास्तरांनी असंच केलंय आणि कुणी त्यावर चुकीची खूण केलेली नाही.

बाई हसल्या, पण क्षणभर गडबडल्याही. कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. गुणांची बेरीज करताना आपण खरंच तशी करतो, आणि तिथे ती बरोबर असते. दोन प्रश्नांच्या मिळून सात गुणांत पाच मिळाले, हे खरंच. फक्त तिथे प्रत्येक वेळी 'पूर्ण' वेगळं आहे : एकदा तीन गुणांचं, एकदा चार गुणांचं. अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्हीकडे पूर्ण एकच असावं लागतं. छेद समान करायची सगळी उठाठेव त्यासाठीच.

बाईंनी लगेच लसावि काढायला लावला नाही. एवढंच विचारलं, 'दोन तृतीयांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?' जास्त. 'पाऊण?' तोही जास्त. 'मग अर्ध्याहून जास्त आणि अर्ध्याहून जास्त मिळून एकाच्या आत कसं राहील?' मुलीने चौकटीतल्या पाच छेद सातकडे पाहिलं आणि जीभ चावली.

तीनपैकी शून्य ह्या आकड्यात ह्यातलं काहीच नव्हतं. तिसऱ्या पेपरातली सतराची सोळा ही घाईतली चूक आहे, ताळा केला की सुटते. चौथ्यातली चूक विचारातली आहे, ती दहावीपर्यंत सोबत येऊ शकते. उत्तर चूक म्हणून दोघांनाही शून्य दिलं, तर दोन्ही पोरं कागदावर सारखीच दिसतात.

(दृश्य : मूल्यमापन नोंदवही, आडव्या-उभ्या रकान्यांची.)

आता जरा ह्या नोंदवहीत डोकावू. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नाव भलंमोठं, कल्पना चांगली : वर्षाच्या शेवटी तीन तासांत पोराचा निवाडा करायचा नाही, वर्षभर बघत राहायचं. त्यासाठी मूल्यमापनाचे दोन भाग केले. आकारिक म्हणजे शिकता शिकता केलेलं : रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकाचे ७० आणि संकलिताचे ३०. वर जाल तसं आकारिक उतरत जातं. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०.

दोन्हींची बेरीज करून श्रेणी. ९१ पासून पुढे अ-१, ८१ ते ९० ला अ-२, असं दहा-दहाने खाली येत ३३ ते ४० ला ड. त्याखाली इ-१ आणि इ-२.

ह्याच वर्गातली दोन मुलं घ्या. एकाला आकारिकात ४० पैकी ३४ आणि संकलितात ६० पैकी ३०. दुसऱ्याला आकारिकात २४, संकलितात ४०. दोघांची बेरीज ६४. दोघांची श्रेणी ब-२.

पहिल्याची वही बघण्यासारखी आहे. कव्हर घातलेली, गृहपाठ एकही चुकलेला नाही, प्रकल्पात घनाकृतींचा सुरेख तक्ता, जो तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. परीक्षेत मात्र शाब्दिक उदाहरण आलं की हातपाय गार. दुसरा वर्षभर वहीच आणत नाही. बापाबरोबर बाजाराला जातो, शेकडेवारी आणि नफा-तोटा तोंडावर आहे, पेपरात अर्ध्या वेळात उठतो. एकाला गणित हवंय, दुसऱ्याला शिस्त. प्रगतिपुस्तक दोघांनाही एकच अक्षर देऊन मोकळं.

मग वर्णनात्मक नोंदी कशासाठी असतात, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठीच तर होत्या! आकड्यामागचं पोर दिसावं म्हणून. पण नोंदवह्या तपासणीला जायच्या असतात, वर्गात चाळीस पोरं, विषय आठ-नऊ, आणि मोबाइलवर तयार नोंदींची पीडीएफ फिरत असते. 'गणितीय क्रिया अचूक करतो.' 'उदाहरणे सोडवण्याचा प्रयत्न करतो.' 'संख्यांचे वाचन-लेखन करतो.' गावोगावच्या वह्यांत हीच वाक्यं, क्रमसुद्धा तोच. दोष एकट्या शिक्षकाचा म्हणवत नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब हे सगळं करून उरलेल्या वेळेत ती नोंद लिहायची असते.

ह्या बाईंनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात त्या फळ्यावर लिहितात, आपल्या वर्गात गुण कशाला मिळणार. उत्तराला एक गुण, रीतीला उरलेले. नुसतं उत्तर लिहिलं तर एकच, पण बोलावल्यावर तोंडी समजावून सांगितलं तर पूर्ण. बेरजेत घसरलात तर एक जाणार, पुढचं सगळं तपासलं जाणार. कच्चं काम खोडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खोडरबर दप्तरातच राहू द्या. ताळा केलेला दिसला पाहिजे. वही फाटकी असली तरी चालेल, कोरी चालणार नाही.

पोरांनी हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलंय. त्याचा एक परिणाम असा, की आता पेपर मिळाला की वाद होतात. 'बाई, माझी रीत बरोबर आहे, दोन हवेत.' सातवीतलं पोर गुणांसाठी नियम दाखवून भांडतं तेव्हा शिक्षकाला वैताग येतो खरा, पण त्या भांडणात ते आपलंच गणित पुन्हा एकदा करतं.

नोंदवहीतही त्यांनी पेन्सिलने एक जादा रकाना आखलाय. तिथे गुण नाहीत. 'छेद समान' ला बरोबरची खूण, 'ऋण चिन्ह' ला फुली, 'शाब्दिक' ला फुली. त्या घटकाची दुसरी संधी दिली आणि जमलं, की फुली पुसायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, 'हा रकाना कुठल्या नमुन्यात आहे?' कुठल्याच नाही.

(दृश्य : आठवीचा वर्ग. फळ्यावर तारीख आणि पट.)

इथून पुढे मात्र पेन्सिल चालत नाही. बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलले, आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. आठवीचा पेपर ६० गुणांचा, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे २१. नापास झालं तर जादा शिकवणी आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. तिथेही अडलं तर तोच वर्ग पुन्हा.

ह्या निर्णयाचं स्वागत करणारे पुष्कळ, आणि त्यांची चिडही समजण्यासारखी आहे. २०२४ च्या 'असर' ह्या शालेय सर्वेक्षणाच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलेलं नाही. भागाकार तिसरी-चौथीतला आहे. दुसरीकडे त्याच वर्षी राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानाला ३५ ऐवजी २० गुणांवरही पुढे जाऊ द्यावं, गुणपत्रिकेवर तसा शेरा मारून, असा मुद्दा आला आणि एकच गदारोळ उठला. पस्तीस की वीस, ह्यावर टीव्हीवर तावातावाने चर्चा झाल्या. त्या वीस गुणांत पोराला नेमकं काय येत असेल, हे विचारलेलं निदान माझ्या तरी कानावर आलं नाही.

(दृश्य : १ मे. झेंडावंदन उरकलंय. व्हरांड्यात पालकांची रांग, हातात प्रगतिपुस्तकं.)

पाच छेद सातवाल्या मुलीचे वडील आलेत. प्रगतिपुस्तक उघडून उभे आहेत. गणित : क-१.

'बाई, पास हाय न्हवं?'

'पास आहे, दादा. पण पुढच्या वर्षी आठवी. अपूर्णांक आता जमतात, ऋण संख्यांत अजून गोंधळतेय.'

'मग क्लास लावू का तालुक्याला?'

'क्लास नको. सुट्टीत रोज पाच गणितं करू दे, मी लिहून दिलीत वहीत.'

'करंल की. पण बरोबर हाय का चूक, मला कुठं कळतंय? मी सातवीतनंच शाळा सोडली.'

'तुम्ही गणित बघूच नका. खाली ताळा केलाय का, एवढं बघा. नसला, तर जेवायच्या आधी करायला लावा.'