पँटचा नंबर आणि पोटाचा घेर

(पडद्यावर : शिलाई मशीनच्या कडेवरून लोंबणारी पिवळी टेप. कात्रीचा आवाज.)

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. अंगानं काटक. वजन 62 किलो, वर्षानुवर्षं तेवढंच. पँटचा नंबर 34, तोही कधी बदलला नाही. पन्नाशी ओलांडल्यावर शुगर निघाली, तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "तुम्हाला कशी काय शुगर? अंगावर मांस तरी आहे का?" बाबांनाही ते ऐकून बरं वाटायचं. डायबेटिस हा लठ्ठ माणसांचा आजार, आपल्याकडे तो चुकून आला, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत होती.

मग एका सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन तिसरा मजला चढताना त्यांना दरदरून घाम फुटला. धाप लागली. छातीत दुखलं नाही. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा प्यायले आणि आडवे झाले. चार दिवसांनी ईसीजी काढला, तेव्हा कळलं की तो हार्ट अटॅक होता.

शुगर बरीच वर्षं चढी राहिली की नसा बधिर होतात. तळपायाच्या होतात, हे पुष्कळांना माहीत असतं. हृदयाची कळ मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाही तशाच बधिर होऊ शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून डायबेटिस असलेल्या माणसाला अचानक घाम, धाप किंवा न समजणारा थकवा आला, तर त्याला सोडा पाजत घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा.

(पडद्यावर : शेजारी शेजारी दोन मानवी आकृत्या. हळूहळू स्कॅनमध्ये बदलतात.)

काटक दिसणाऱ्या माणसाला हे झालं कसं? या प्रश्नाचं एक उत्तर पुण्यातच मिळतं.

2004 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच : 22.3. नुसता वजनकाटा पाहिला तर दोघे एका मापाचे. पण डेक्सा नावाच्या एक्स-रे तपासणीत यडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! आडनावांच्या आद्याक्षरांवरून या कोड्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव पडलं. यडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, असं त्या लेखातच लिहिलं आहे. पण त्याच लेखात आणखी एक नोंद आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते : याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

(पडद्यावर : शेतात वाकून काम करणाऱ्या बायका. आरोग्य केंद्रातला बाळांचा वजनकाटा.)

त्याआधी, 1993 पासून, याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास करत होते. शेतात राबणाऱ्या, सडसडीत बायका. बाळ जन्मलं की त्याचं वजन व्हायचं आणि कातडीची घडी चिमट्यासारख्या उपकरणात धरून तिची जाडी मोजली जायची. इथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याकडची बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी झालेली नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

म्हणजे ही ठेवण आईच्या पोटातच घडायला लागते. 'खाण्यावर ताबा नाही म्हणून शुगर झाली' असं कुणालाही तोंडावर सुनावताना हे लक्षात असू द्यावं.

(पडद्यावर : पोटाच्या आडव्या छेदाचं चित्र. आतडी आणि यकृताभोवती पिवळा थर.)

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे, याला जास्त महत्त्व आहे. मार्सेय शहरातले फ्रेंच डॉक्टर जाँ वाग यांनी 1947 सालीच हे मांडलं होतं. मांड्या आणि नितंबांवरची चरबी बरीचशी निमूट असते. पोटात, आतड्यांभोवती साठणारी चरबी तशी नसते. ती सतत मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, सोडत राहते आणि आतड्यांकडून येणाऱ्या रक्तवाहिनीतून ती थेट यकृतात पोचतात. यकृत मग इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज शिरतात. जोडीला ही चरबी दाह वाढवणारी द्रव्यंही सोडते. हृदयाच्या धमन्या आधीच चढ्या साखरेनं खरवडलेल्या असतात, त्यात ही भर.

52 देशांतल्या सुमारे 27 हजार लोकांना घेऊन 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यात हार्ट अटॅकशी बीएमआयचं नातं क्षीण निघालं. कंबर आणि नितंबांच्या घेरांचं गुणोत्तर मात्र अटॅकशी घट्ट जोडलेलं दिसलं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी आला, इतरांना जवळपास 59 व्या वर्षी.

आपल्या देशातला मोठा आकडाही ऐका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. बीएमआयनं लठ्ठ ठरणारे 28.6 टक्के, पण पोटाच्या घेरानं लठ्ठ ठरणारे 39.5 टक्के. या दोन आकड्यांच्या मधे माझ्या बाबांसारखी माणसं आहेत. काटा त्यांना पास करतो.

(पडद्यावर : बेल्ट. वर टेकलेली ढेरी. मग परकराची नाडी बांधणारे हात.)

बाबांची पँट 34 नंबरचीच का राहिली, याचा उलगडा आमच्या शिंप्यानं केला. तो म्हणाला, "पोट पुढं आलं की पुरुष पँट खाली सरकवतो. बेल्ट ढेरीखालून जातो. नंबर तोच राहतो." बायकांना तर तेवढीही खूण मिळत नाही. साडी सगळ्यांना होते, आणि परकराची नाडी हवी तितकी सैल करता येते.

म्हणून माप नीट घ्या. पाय थोडे फाकवून उभं राहायचं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, दोन्ही बोटांनी चाचपायच्या. त्यांच्या बरोबर मधे टेप गुंडाळायची, कपड्यावरून नाही, अंगावर. टेप जमिनीला समांतर हवी, आवळलेली नको. श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा बघायचा. पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत 80 च्या वर गेलं, की डॉक्टरांशी बोलायचं. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापा, दुहेरी करा आणि पोटाभोवती लावून बघा. टोकं जुळली नाहीत तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे.

घरगुती काट्यांवर हल्ली चरबीचे टक्केही दिसतात. ते काटे तळपायातून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात. तांब्याभर पाणी प्यायलं तरी आकडा हलतो. एका आकड्यावर हरखू नका, हबकूही नका. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभंच राहू नये. आणि टेप काही एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), रक्तदाब, कोलेस्टेरॉल या तपासण्यांची जागा घेत नाही. त्यांच्या शेजारी तिचाही आकडा लिहिला जावा, एवढंच मागणं आहे.

चरबी घटली की सगळं टळतं, असंही मी सांगणार नाही. अमेरिकेत टाइप 2 मधुमेहाच्या पाच हजारांवर रुग्णांना घेऊन 'लुक अहेड' नावाची मोठी चाचणी झाली. आहार आणि व्यायामावर कसून भर दिलेल्या गटातही हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे एकूण घटना कमी झाल्या नाहीत. पुढे त्याच माहितीचा बारकाईनं अभ्यास झाला, तेव्हा ज्यांची चरबी घटली त्यांच्यात हृदय निकामी होण्याचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा, धोका कमी दिसला. त्यामुळे घेर कमी करायचाच, पण डॉक्टरांनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

(पडद्यावर : पहाटेचा रस्ता. चालणारी पावलं.)

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा चालायला लागले. पहिल्या दिवशी मी योग्य जागी टेप लावली, घेर निघाला 96. वर्षभरानंतर काटा 61 दाखवतो. बाबा खट्टू झाले, "एवढं चालून एक किलो?" मग टेप लावली. 91. पोटातली चरबी चालण्या-फिरण्यानं वजनाच्या आधी हलते, कधी कधी वजन जागचं हललं नाही तरी कमी होते. अजून एक-दोन सेंटिमीटर बाकी आहेत. आकडा फाइलच्या आतल्या पानावर तारखेसह लिहिला आहे.

आई ओट्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. हात पुसत आली आणि म्हणाली, "माझंही घे गं एकदा." तिची उंची 150. निम्मी केली तर 75. टेप 84 वर थांबली. तिची शुगर आजवर कुणीच तपासलेली नाही. सोमवारी सकाळी उपाशीपोटी जायचं ठरलं आहे.