पाण्यातल्या कासवाचं ताट

नमस्कार श्रोतेहो. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत पाळलेलं कासव बहुतेक एकाच जातीचं असतं: डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर. देशी कासवं घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, म्हणून आज बोलायचंय ते या परदेशी पाहुण्याच्या खाण्याबद्दल.

दुकानातून पिल्लासोबत येतो तो वाळक्या, कोळंबीसारख्या किड्यांचा डबा. कासव त्यावर तुटून पडतं. तोंडी लावण्यापुरता तो ठीक. पण नुसता तोच दिला तर अ जीवनसत्त्व कमी पडतं. पापण्या सुजतात, डोळे मिटतात. दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि घरचे म्हणतात, हल्ली फार झोपतं!

मुख्य आधार हवा कासवांसाठीच्या गोळ्यांचा. माप सोपं आहे: कासवाचं डोकं पोकळ मानलं, तर त्यात मावतील तेवढ्याच. पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड. तुम्हाला पाहून ते काचेवर पाय मारत सुटतं. त्याला भुलू नका, अशानंच ती लठ्ठ होतात.

लहानपणी स्लायडर बरंचसं मांसाहारी असतं. मोठेपणी मात्र निम्मं ताट हिरवं हवं. जांभळी नाक्याच्या मंडईत गेलात तर पालक आणि चुका सोडा. त्यांतलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. रोमेन लेट्यूस घ्या, कुंडीतल्या जास्वंदीची कोवळी पानं चालतील. गाजर आणि तांबडा भोपळा सोलाण्यानं पातळ सोलून द्या. पाला पाण्यातच सोडायचा, कारण हे कासव पाण्याशिवाय घास गिळू शकत नाही. नाक मुरडलं तर सकाळी आधी पाला, गोळ्या संध्याकाळी. तलावातली जलपर्णी फुकट मिळते, पण तिच्यासोबत सांडपाणीही घरात येतं.

मासळीत ताजी करंदी सालासकट, आठवड्यातून एकदा, एखाद-दुसरी. खारवलेली सुकट नको. पोळी, पाव, पनीर, दूध तर मुळीच नको.

आता कॅल्शियम. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस आणा, त्याची पाठीकडची कडक बाजू खरवडून टाका आणि पांढरा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवा. कासव हवा तेव्हा कुरतडतं. ते कॅल्शियम शोषायला ड३ जीवनसत्त्व लागतं आणि ड३ साठी उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण. गॅलरीच्या बंद काचेतून ऊब येते, हे किरण जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे काचेआडच्या टाकीत, महागडं खाणं देऊनही, कवच मऊ पडतं. मोठ्या कासवाच्या कवचाची कड बोटानं दाबल्यावर दबली, तर थेट प्राण्यांचे डॉक्टर गाठा. यूव्हीबी दिवा लावत असाल तर तो वर्षाच्या आत बदला. उजेड पडतो, किरण संपलेले असतात. थेट उन्हात ठेवायचं तर अर्धा टब सावलीत आणि वर कावळ्यांसाठी जाळी.

जेवण वेगळ्या टबात, टाकीइतक्याच कोमट पाण्यात, १५ मिनिटं. उरलेलं काढून टाका. ते पाणी भांडी घासायच्या सिंकमध्ये ओतू नका, साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. हात साबणानं धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

आणि गणपतीला गावी निघालात तर? मोठं, धडधाकट कासव चार-पाच दिवस उपाशी सहज राहतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली जरूर द्या, पण गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून.